मांडुकलीत पाणी आहे का?

पावसाळ्यात कोल्हापुरातनं कोकणात उतरणारा पाहुणा टपरीवर चहा घेताना हमखास विचारतो, "घाट चालू आहे ना?" टपरीवाला म्हणतो, चालू आहे. तो खोटं बोलत नाही. करूळ घाटात दरड नसते, भुईबावड्यात झाड पडलेलं नसतं. गाडी रंकाळा मागे टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागते, पाऊसही जरा उघडलेला असतो, आणि घाट यायच्या बराच आधी, सपाट रानात, दोन्ही बाजूंना ऊस उभा असताना समोर रस्ताच संपतो. पुढं शे-दोनशे मीटर गढूळ पाणी, अलीकडं बॅरिकेड, एक होमगार्ड आणि माघारी वळणाऱ्या गाड्या. "पावणं, मांडुकलीत पाणी हाय. म्हागारी फिरा."

घाटाची चौकशी सगळे करतात, मळीची कुणी करत नाही. मळी म्हणजे नदीकाठची सखल, काळी, गाळाची जमीन; साखर कारखान्यातून निघते ती मळी वेगळी. कोल्हापूरच्या पश्चिमेला जाणारा प्रत्येक रस्ता अशा मळ्या ओलांडत जातो. डोंगरातनं रस्ता काढायचा तर नदीचं खोरं धरूनच काढावा लागतो, कारण चढ तिथंच कमी. उरलेलं वर्षभर हे सोयीचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदी आपलं पात्र सोडून रुंद होते, आणि तिच्या त्या रुंदीत आपला रस्ता येतो.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम. या नद्या घाटमाथ्यावरचा पाऊस घेऊन येतात. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, तर जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात तो पाच हजारांच्या घरात. म्हणून शहरातलं आभाळ बघून प्रवास ठरवला तर फसगत होते. शहरात ऊन पडलेलं असतं आणि काल रात्री घाटमाथ्यावर पडलेलं पाणी दुपारी खालच्या पुलाला लागत असतं.

या गावात पावसाळा फूट आणि इंचात मोजतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. बाहेरून येणाऱ्यांना हे आकडे शहरातल्या पुरापुरते वाटतात. खरं तर प्रवास करणाऱ्यानं सकाळी सगळ्यात आधी हाच आकडा बघावा, आणि नुसता आकडा बघून भागत नाही, पाणी चढतंय की उतरतंय तेही बघावं. ३६ फूट आणि चढतं पाणी असेल तर संध्याकाळी परतीचा रस्ता मिळेल याची खात्री नाही. ४० फूट आणि उतरतं असेल तर वाट बघण्यात अर्थ आहे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाईपर्यंत पंचगंगा धोका पातळीच्या पुष्कळ वर चढलेली असते. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वेळी तो तसाच बंद पडला होता. जिल्ह्यातले आडवे रस्ते त्याच्या फार आधी तुटतात. महामार्ग चालू आहे यावरून गगनबावडा रस्त्याबद्दल काहीच समजत नाही.

दुसरा आकडा राधानगरीचा. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बसतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले तर दहा हजारांच्या आसपास. हे पाणी भोगावतीतून खाली यायला काही तास घेतं. 'चार दरवाजे उघडले' ही बातमी सकाळी ऐकली तर राधानगरी रस्त्यावरचं हळदी गाव आणि गगनबावडा रस्त्यावरचा बालिंगा पूल ही दोन नावं डोक्यात ठेवावीत. दोन्हींचं पाणी भोगावतीचं.

पूर ओसरायला इतका वेळ का लागतो, हेही परगावच्या माणसाला समजत नाही. पाऊस थांबून दोन दिवस झाले, मग रस्ता का उघडत नाही? कारण खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असेल तर पंचगंगेला जायला जागा नसते. पाणी मागं तुंबतं. त्याला इथं फुगवटा म्हणतात. शिवाय कोल्हापूरपासून पुढं नदीला उतार फार कमी. म्हणून चढताना पाणी फुटाफुटानं चढतं आणि उतरताना इंचाइंचानं उतरतं. 'उद्या सकाळी मोकळा होईल' हा अंदाज याच कारणानं चुकतो.

आता एकेक रस्ता.

गगनबावड्याचा रस्ता सगळ्यात सुंदर आणि पाण्याला सगळ्यात आधी सापडणारा. बालिंगा, कळे, मग कुंभीच्या काठानं वर. मांडुकलीत कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि ते दर पावसाळ्यात, कधी एकाच पावसाळ्यात चार-पाच वेळा येतं. गगनबावड्यातून पुढं दोन घाट फुटतात. करूळ घाट वैभववाडीला उतरतो आणि तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग गाठतो. भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला जातो. करूळ काँक्रिटीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून वर्षभराहून अधिक काळ बंद होता, तेव्हा सगळा भार भुईबावडा आणि फोंडा घाटावर आला होता. काँक्रिटचा रस्ता खड्ड्यांपासून सुटका करतो, पण त्यावर वेगही वाढतो, आणि डोंगरातून वळणावर उतरलेला लाल चिखल काँक्रिटवरही तितकाच निसरडा असतो. भुईबावड्याची वळणं अरुंद आहेत. तिथं मोठी गाडी समोरून आली तर एकाला मागं जावं लागतं, आणि मागं जाण्याची पाळी उतरणाऱ्याची. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा तर वाहतुकीचा नियमच आहे. त्यामागं कारणही साधं आहे: भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो, मागं घरंगळण्याचा धोकाही असतो.

आंबा घाटाचा रत्नागिरी रस्ता सवयीचा आणि रुंद. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. त्याचं दुखणं शहराच्या अगदी जवळ आहे. पंचगंगेच्या पुलापलीकडं आंबेवाडी, रजपूतवाडी, केर्ली हा पट्टा सखल, आणि केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळा, मलकापूर, रत्नागिरी ही तिन्ही गावं एकदम तुटतात. घाटातली मोठी पडझड जुलै २०२१ ची. रस्त्याचा दरीकडचा भाग खचला आणि अवजड वाहतूक थांबवावी लागली. चौपदरीकरणाच्या कामात जिथं डोंगर नव्यानं कापलाय, तिथला पहिला-दुसरा पावसाळा जपून काढावा. नव्या कापलेल्या उतारावर गवत-झुडूप धरलेलं नसतं, माती सैल असते.

अणुस्कुरा घाट राजापूरकडं उतरतो. राजापूर बंदराचा माल पूर्वी याच वाटेनं देशावर चढायचा. रहदारी कमी, जंगल दाट, आणि दरड कोसळली तर हटवायला जेसीबी यायला वेळ लागतो. भर पावसात नवख्यानं हा घाट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरात मात्र अवश्य धरावा.

फोंडा घाटाचा रस्ता राधानगरी, दाजीपूर करत कणकवलीकडं जातो. हळदीचं पाणी सोडलं तर हा रस्ता बऱ्याच वेळा बाकीच्यांपेक्षा जास्त टिकतो, म्हणूनच गगनबावडा बंद झाला की सगळे ट्रक इकडं वळतात आणि घाटात रांग लागते. दाजीपूरच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते, आणि संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर हॉर्न वाजवायचा नाही, दिवे डिप करायचे, थांबायचं. एक गेला म्हणून लगेच गाडी काढायची नाही. मागं कळप असतो, आणि पिल्लू बऱ्याचदा शेवटी असतं.

आंबोलीला गडहिंग्लज, आजरा मार्गे जातात. लांबचा, पण पंचगंगेच्या खोऱ्याबाहेर पडणारा. अर्थात हिरण्यकेशीचं पाणी आहेच; गडहिंग्लजजवळचा भडगाव पूल पाण्याखाली जातो. महामार्गानं निपाणीकडून फिरून जावं म्हटलं तर यमगर्णीला वेदगंगा आहे. आणि पावसाळी शनिवार-रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी जी गर्दी होते, तिच्यात पाण्यापेक्षा जास्त वेळ जातो. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत धबधबा ओलांडला तर ठीक, नाहीतर दोन-दोन तास पहिल्या गियरमध्ये.

एवढ्या सगळ्या रस्त्यांची खबर घ्यायची कुठं? मोबाईलमधला नकाशा उपयोगी आहे, पण तो गाड्यांच्या वेगावरून रस्ता ओळखतो. आडबाजूच्या रस्त्यावर गाड्याच नसतील तर त्याला तो मोकळा वाटतो. यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे बंधाऱ्याचा रस्ता. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही या जिल्ह्याची देणगी: दगडी खांब, मध्ये पाणी अडवायला बरगे म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, वरून जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता. पावसाळ्याआधी बरगे काढतात, पावसाळा संपला की बसवतात. हे बंधारे पूर डोक्यावरून जाऊ देण्यासाठीच बुटके बांधलेले. मोठा रस्ता बंद झाला की नकाशा 'पर्यायी मार्ग' म्हणून गावातून, उसातून नेतो आणि नेमका अशा बंधाऱ्यावर आणून सोडतो. बंधारा मोठ्या पुलाच्या कितीतरी आधी बुडतो, त्याला धड कठडा नसतो, आणि पाण्याखाली गेला की कड कुठं संपते ते दिसत नाही. मोठा पूल बंद असताना बंधाऱ्यावरून वाट मिळेल ही आशाच धरू नये.

त्यापेक्षा रंकाळा स्टँडवर जावं. राधानगरी, गगनबावडा बाजूच्या एसटी तिथनं सुटतात. 'रस्ता चालू आहे का' असं विचारलं तर कुणीही अंदाजानं उत्तर देतो. विचारायचं असं: "पलीकडची शेवटची गाडी किती वाजता आली?" अर्ध्या तासापूर्वी आली असेल तर निघावं. सकाळपासून आलीच नसेल तर जे समजायचं ते समजलं. समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीला हात करून विचारलेलंही तितकंच खात्रीचं. तो माणूस त्या रस्त्यानं रोज दोनदा जातो.

पाणी रस्त्यावर आहे आणि बॅरिकेड नाही, अशा वेळी काय करायचं? थांबायचं आणि बघायचं. पाणी वाहतंय की साचलंय, हा पहिला प्रश्न. वाहत्या पाण्यात अर्धा फूट खोलीला धडधाकट माणसाचा पाय निसटतो, फूटभर पाणी लहान गाडी उचलू शकतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. गाडी जड आहे म्हणून ती टिकेल असं नाही. बंद काचांची गाडी आतल्या हवेमुळं तरंगते, टायरचा रस्त्यावरचा भार कमी होतो आणि आडवा लोंढा तिला कडेला ढकलतो. त्यातून पाण्याखालची साईडपट्टी वाहून गेलेली असेल तर चाक थेट खड्ड्यात. वाहत्या पाण्यात घालायचंच नाही. समोरचा ट्रॅक्टर गेला म्हणून आपणही जायचं नाही. ट्रॅक्टरचं मागचं चाक आपल्या गाडीच्या बोनेटएवढं असतं.

साचलेलं, उथळ, तळ दिसणारं पाणी असेल तर पहिल्या गियरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर धरून, मध्ये न थांबता, रस्त्याच्या मधल्या उंच भागावरून जावं. पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत आपण शिरायचं नाही. ती मध्येच थांबली तर आपणही पाण्यात अडकतो. बाहेर आल्यावर हळूहळू चालवत दोन-चारदा ब्रेक हलके दाबून वाळवावेत. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या पाईपमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांचं काम लाखावर जातं. उतरायचं, ढकलायची, टोईंगला फोन करायचा.

घाटात खरा खेळ ब्रेकचा. उतरताना ज्या गियरमध्ये तो चढ चढला असता तोच गियर ठेवायचा. बहुतेक ठिकाणी दुसरा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. तिसऱ्या-चौथ्यात टाकून ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर आणि पॅड तापतात, जळका वास येतो, पेडल नरम होऊन खाली जाऊ लागतं. ब्रेक ऑईल जुनं असेल तर त्यात ओल धरलेली असते, ते लवकर उकळतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. वास आला तर सरळ, रुंद जागा बघून थांबावं, अर्धा तास गार होऊ द्यावं, गरम चाकावर पाणी ओतू नये. न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवायची सवय ज्याला आहे, त्याला घाटात गाडी देऊ नये.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत कायद्याला चालते, पण पावसाला चालत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेली की साचलेल्या पाण्यावर टायर पाणी कापू शकत नाही, त्यावर घसरतो. जूनच्या आधी टायर आणि वायपरचं रबर बघून घ्यावं. वायपर काचेवर रेघ सोडत असेल तर तो संपलाय.

धुकं गगनबावडा, आंबा, आंबोली तिन्हीकडं, बहुधा सकाळी लवकर आणि संध्याकाळी. अप्पर दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लॅम्पवर चालावं. चारही इंडिकेटर लावून चालायची जी पद्धत पडली आहे ती सोडायला हवी, कारण मग वळताना तुमचा इंडिकेटर मागच्याला कळतच नाही. ते चार दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडावी आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवावं. आतलीच हवा फिरत राहिली तर सगळ्यांच्या श्वासाची वाफ काचेवर बसते.

दरडीची चाहूल लागते, बघणारा हवा. सह्याद्रीत वर जांभा आणि माती, खाली काळा खडक. सलग झड लागली की वरचा थर पाणी पिऊन जड होतो आणि खडकावरून सुटतो. रस्त्यावर ताजे बारके दगड, लाल मातीचा ओघळ, वाकलेलं झाड, स्वच्छ झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, ही लक्षणं दिसली तर त्या कड्याखाली थांबायचं नाही. दुसरी बाजू दरीची. डोंगराकडचं गटार दगड-पाल्यानं तुंबलं की पाणी रस्ता ओलांडून दरीकडं उतरतं आणि भरावाची माती आतून धुऊन नेतं. वरचं डांबर शाबूत दिसतं, खाली पोकळ. दरीकडच्या कडेला लांब भेग दिसली, किंवा संरक्षक कठडा बाहेर झुकलेला दिसला, तर तिकडं चाक नेऊ नये आणि फोटोसाठी तर मुळीच उभं राहू नये. कितीतरी घाट खचतात ते कड्यामुळं नव्हे, एका न काढलेल्या गटारामुळं. मे महिन्यात फावडं घेऊन गटार काढणाऱ्या चार माणसांचं काम किती मोलाचं आहे, ते जुलैत कळतं.

पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांबद्दल थोडंच. मे महिन्यातला पहिला वळीव निसरडा असतो. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेलं ऑईल आणि धूळ पाण्यावर उचलली जाते, पहिला अर्धा तास दुचाकीवाल्यानं थांबलेलं बरं. दिवाळीच्या आसपास उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीचा धोका ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉलीचा. मागं लाल दिवा नसतो, ऊस बाजूला बाहेर आलेला असतो, वेग वीस. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की ही ट्रॉली दिसतच नाही. रात्री साठच्या वर जाऊ नये, आणि ओव्हरटेक करताना पुढं दुसरी ट्रॉली जोडलेली आहे हे गृहीत धरूनच अंतर मोजावं.

राहिली परतीची गोष्ट. शनिवारी उतरलेले लोक रविवारी संध्याकाळी चढतात. मधल्या छत्तीस तासांत घाटमाथ्यावर पडलेलं पाणी नेमकं रविवारी संध्याकाळी मळीत पोचलेलं असतं. घाट चढून गगनबावड्यात आलात आणि मांडुकली बंद असेल तर तिथंच मुक्काम करावा. रात्री अंधारात पर्याय शोधत फिरू नये. त्यासाठी गाडीत एक रात्र निभेल इतकं पाणी, खाणं, औषधं आणि अर्ध्याहून जास्त डिझेल असावं. टाकी कोल्हापुरात भरून निघालेलं सगळ्यात बरं.

पाणी उतरलं तरी रस्ता लगेच खुला होत नाही. वर बोटभर गाळ असतो, तो साबणासारखा निसरडा. साईडपट्ट्या वाहून गेलेल्या असतात. पुलावरून पाणी गेलं असेल तर बांधकाम खात्याची माणसं येऊन कठडे, भराव आणि पुलाला जोडणारा रस्ता तपासतात; नेमका हा जोडच पाण्यानं कातरला जातो. आधी जेसीबी जातो, मग पाण्याचा टँकर गाळ धुतो, मग बॅरिकेड निघतं. पलीकडून पहिली एसटी आली की निघायला हरकत नाही.